पिंपातला आवाज

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पूर्व उपनगरांतील ज्या धर्मग्रामात आम्ही त्या वेळी सेवेस होतो, तेथे सणाच्या निमित्ताने मुलांसाठी कथालेखनाची स्पर्धा ठेवण्यात आली होती. विषय दिला होता ‘माझे घर’. धर्मशिक्षणाच्या वर्गातील साठ-सत्तर मुलांनी वहीची पाने फाडून गोष्टी आणून दिल्या. बहुतेकांच्या घरापुढे गुलाबाची बाग होती. जेथे खिडकीच्या ग्रीलमध्ये कोरफडीची कुंडी आणि ओले टॉवेल एकाच जागेसाठी भांडत असतात, त्या आमच्या उपनगरात इतक्या बागा कोठून आल्या, असा प्रश्न परीक्षक म्हणून आम्हांस पडायला हवा होता. पण शाळकरी निबंध वाचून वाचून आमचे मनही निबर झाले होते.

एका दहा वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत मात्र बाग नव्हती, राक्षस होता. ती गोष्ट येथे सांगण्यापूर्वी हे नमूद केले पाहिजे की, तो मुलगा आता मोठा झाला असून त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाने मात्र दोन अटी घातल्या. गोष्टीतले पिंप निळे होते, ते निळेच राहिले पाहिजे, ही पहिली. दुसरी अट शेवटी येईल.

तर गोष्ट अशी. आटपाट नगरात, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, एक कुटुंब राहत असे. दर महिन्याच्या पाच तारखेला तेथे हप्तासुर नावाचा राक्षस येई. त्याचे पोट चामड्याचे असून त्याला चेन होती. तो फक्त नोटा खाई. नाणी दिली तर त्याला आम्लपित्त होई आणि ती तो परत फेकून देई. त्याच्या पावलांनी जिना वाजू लागला की कुकरची शिट्टी झाल्याप्रमाणे घरातले सर्वजण आपापल्या जागी जात. आई चहाचे आधण ठेवी, ताई भूगोलाचे पुस्तक उघडून बसे आणि बाबा शिडीवरून माळ्यावर चढून निळ्या पिंपात उतरत. हप्तासुर इतका लठ्ठ होता की त्याला शिडी चढता येत नसे. तो विचारी, “बाबा कुठे आहेत?” ताई सांगे, “वसईला गेलेत.” तेवढ्यात पिंपातून आवाज येई, “हो, मी वसईला गेलोय.” हप्तासुराला वाटे, हा टेलिफोनच आहे. तो वर तोंड करून विचारी, “वसईत पाऊस आहे का?” पिंपाच्या तळाशी थोडे पाणी असे. आतून उत्तर येई, “गुडघाभर.”

मग हप्तासुर बिनसाखरेचा चहा पिऊन, मिशा पुसून निघून जाई. गोष्टीचे शेवटचे वाक्य होते की, पुढच्या पाच तारखेला तो परत येणार आहे.

आम्ही पोट धरून हसलो. पहिले बक्षीस त्यालाच दिले; मात्र गोष्टीला शेवट नाही म्हणून दोन गुण कापले. सणाच्या संध्याकाळी सभागृहात तीन-चारशे माणसे जमली असता ती गोष्ट आम्ही स्वतः ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवली. हप्तासुराचा आवाज आम्ही घोगरा काढला, पिंपाचा आवाज काढण्यासाठी स्टीलच्या पेल्यात तोंड घातले. सभागृह हास्याने दणाणून गेले. गुडघाभर पाण्याच्या जागी तर टाळ्या पडल्या. मुलगा व्यासपीठावर बक्षिसाचा डबा छातीशी धरून उभा होता आणि तोही हसत होता. हसता हसता त्याने मागच्या रांगांकडे पाहिले आणि त्याचे हसू थांबले. तेथील एक खुर्ची रिकामी झाली होती. काही क्षणांनी तिच्या शेजारची आणखी दोन माणसे उठली.

पुढच्या रविवारी ते कुटुंब मिस्साला आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात चर्चमध्ये फुले सजवणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस सॅक्रिस्टीच्या दाराशी गाठले आणि हळूच म्हटले, “फादर, ती गोष्ट नव्हती हो.”

त्या एका वाक्याने आम्हांस बरेच दिवस झोप लागू दिली नाही. ती गोष्ट नव्हती, तर काय होते? मुलाने खरे लिहिले होते की खोटे? मुलांच्या विनोदी, अद्भुत कथांकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. त्यांच्यात घरातले दारिद्र्य, कर्ज, बापाची बेकारी, आईचे रडणे येऊ लागले तर ते योग्य की अयोग्य? आणि त्यावर हसावे की नाही? प्रश्न लहान मुलांच्या वाङ्मयाचा दिसतो. आमच्यापुढे तो सदसद्विवेकाचा होऊन उभा राहिला.

सत्य-असत्याचा भाग तुलनेने सोपा आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत ऑगस्टीन यांचा असत्यभाषणावरील ग्रंथ आम्हांस अभ्यासावा लागला होता. असत्याच्या बाबतीत या आचार्यांइतका कठोर मनुष्य विरळा; प्राण वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे म्हणणारे ते. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी थट्टा असत्यातून वगळली आहे, कारण बोलणाऱ्याचा सूर आणि चेहराच सांगत असतो की फसवण्याचा हेतू येथे नाही. अन्यत्र त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आहे. एखादी रचलेली गोष्ट जर कशाचा तरी निर्देश करीत असेल, तर तिला लबाडी न म्हणता सत्याचे रूपक म्हणावे, असा त्यांचा निर्वाळा आहे. एम्माऊसच्या वाटेवर प्रभूने पुढे जात असल्याचे दाखवले, त्या प्रसंगाचे विवेचन करताना ते हे सांगतात. हप्तासुराच्या पोटाला चेन होती, हे खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस वसुलीवाल्याची चामडी पिशवी ज्याने पाहिली आहे तो करणार नाही.

हसण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या मराठी मनाला गरिबीच्या संदर्भात अश्रूंवर जितका विश्वास आहे, तितका हसण्यावर नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातही कर्ज आहे, सावकाराचा वसुलीवाला दाराशी येऊन आईला वाटेल ते बोलतो, हेही आहे. ते प्रकरण वाचून ज्याचा कंठ दाटला नाही असा आमच्या पिढीचा वाचक सापडणार नाही. त्या पुस्तकाने महाराष्ट्राला दिलेले अश्रू पवित्रच आहेत. परंतु दारिद्र्याविषयी लिहायचे तर डोळे ओले करूनच, असा एक अलिखित दंडकही आपण नंतर त्यातून काढला. दुसरीकडे अद्भुताचे दालन वेगळे ठेवले. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत बालरंगभूमी उभी केली, ‘मधुमंजिरी’पासून रत्नाकर मतकरींनी त्या रंगभूमीला चेटकिणी आणि राक्षस दिले, उपनगरांतून लोकलने दादर-गिरगाव गाठून आमच्या पिढीतल्या मुलांनी ते डोळे विस्फारून पाहिले. हसण्याला तेथे मुभा होती, कारण राजवाड्यात हप्ता नसतो. ना. धों. ताम्हनकरांच्या अनाथ ‘गोट्या’ने मुलांना हसवले खरे, पण त्याच्या जगात राक्षस नव्हता. थोडक्यात, रडण्याची खोली निराळी आणि राक्षसाची निराळी, दोन्हींची दारे निराळी. दहा बाय बाराच्या एकाच खोलीत राहणाऱ्या त्या मुलाला ही सोय उपलब्ध नव्हती.

आजीच्या गोष्टी मात्र इतक्या सोवळ्या नव्हत्या. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने घासागणिक ऐकलेली असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दारावर टकटक करीत भिजत राहतो. ती बाळाची न्हाणी-धुणी संपल्याशिवाय दार उघडत नाही. मुले खदखदून हसतात. पण ही मुळात बेघर झालेल्याची आणि न उघडणाऱ्या दाराची गोष्ट आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात ज्यांनी छातीभर पाण्यातून शेजाऱ्याचे दार ठोठावले, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. टुणूक टुणूक जाणाऱ्या भोपळ्याच्या गोष्टीतली म्हातारीही पाहा. वाघ तिला खायला येतो तेव्हा ती त्याला सांगते की, मी आता हाडांचा सापळा आहे, लेकीकडे जाऊन तूप खाऊन येते, मग खा. ही म्हातारी स्वतःच्या घरी इतकी वाळली का, हे गोष्ट सांगत नाही. सांगणारी आजी ते जाणून असे. ऐकणारी सूनही बहुधा जाणून असे.

परदेशी वाङ्मयातही हे आढळते. रोआल्ड डाल यांच्या १९६४ सालच्या चॉकलेटच्या कारखान्याच्या गोष्टीत चार आजी-आजोबा एकाच पलंगावर झोपतात आणि बाप टूथपेस्टच्या नळ्यांना झाकणे लावण्याचे काम करतो. तो कारखाना बंद पडतो आणि घर कोबीच्या पाण्यावर जगू लागते. एका पलंगावर चारजण, यात विनोद काय आहे, असे आमच्या भागातील एका मुलीने धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रामाणिकपणे विचारले होते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आज तेथे मॉल आणि काचेचे मनोरे उभे आहेत. त्या भोंग्यांबरोबर किती बापांची झाकणे लावण्याची कामे गेली, याची नोंद कोणत्याही बालकथेत नाही.

परंतु या प्रकारातील श्रेष्ठ पुस्तक आमच्या मते पिनोकिओचे. कार्लो कोलोदी हे टोपणनाव. लेखक कार्लो लोरेंझिनी फ्लॉरेन्सच्या एका स्वयंपाक्याचा मुलगा. भावंडे पुष्कळ, त्यांतील अनेक बालपणीच दगावली. बापाच्या धन्याच्या साहाय्याने तो काही काळ सेमिनरीत शिकला. पाद्री झाला नाही, लेखक झाला. लाकडी बाहुल्याची त्याची कथा १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातला जेपेत्तो इतका गरीब आहे की त्याच्या खोलीत चूल नाही. भिंतीवर चूल रंगवलेली आहे, तिच्यावर रंगवलेले भांडे आहे आणि भांड्यातून रंगवलेली वाफ निघते. मुलाला शाळेचे पुस्तक घेण्यासाठी हा म्हातारा भर थंडीत अंगातला कोट विकून येतो. कोट कुठे गेला असे विचारताच, उकडत होते म्हणून विकला, असे सांगतो. रंगवलेल्या चुलीवर मूल हसते, मोठा माणूस गप्प होतो आणि दोघेही एकच ओळ वाचत असतात. भुकेचा याहून अचूक हिशेब आम्ही कोणत्याही अहवालात वाचलेला नाही. लेखकाने तर पंधराव्या प्रकरणात बाहुल्याला झाडाला लटकवून कथा संपवलीच होती. बालवाचकांनी हट्ट धरला म्हणून १८८२ साली ती पुढे सुरू झाली आणि १८८३ मध्ये पुस्तक निघाले.

ख्रिस्ती परंपरेच्या परसदारीही असे एक रोप उगवले होते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास ‘थॉमसचे बालपणाचे शुभवर्तमान’ नावाने ओळखले जाणारे एक लिखाण प्रचारात आले. ख्रिस्तसभेने ते पवित्र शास्त्रात घेतले नाही आणि ते योग्यच झाले. त्यातला बाळ येशू कधी कधी फार रागीट आहे. बाळ येशू चिखलाच्या बारा चिमण्या करून उडवतो, ती कथा याच लिखाणातली. पण आम्हांस अधिक भावते ती सुताराची. एक श्रीमंत गिऱ्हाईक योसेफला पलंग करायला सांगते. योसेफ एरवी नांगर आणि जू करणारा माणूस. लाकूड कापताना एक बाजू आखूड होते. आता काय करावे, त्याला सुचेना. तेव्हा मुलगा म्हणतो, दोन्ही लाकडे खाली ठेवा, तुम्ही ते टोक धरा. आणि आखूड लाकूड ओढून लांब करतो. हे घडले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कोणी ही कथा रचली त्याला सुताराचे घर माहीत होते. वाया गेलेले लाकूड म्हणजे वाया गेलेला आठवडा, हे त्याला माहीत होते. नाझरेथच्या घरात पैशाची चणचण कधी भासलीच नाही, असे मानणारी आपली भाविक चित्रे या बाबतीत त्या अमान्य पुस्तकापेक्षा कमी खरी आहेत, असे म्हटले तर वाचकांनी रागावू नये.

आणि हसणे धर्माला वर्ज्य कधीच नव्हते. साराचा मुलगा इसहाक. त्याच्या नावातच हसणे आहे. सुईच्या नेढ्यातून जाऊ पाहणारा उंट आणि डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याचे कुसळ शोधणारा सद्गृहस्थ हे प्रभूच्या तोंडचे आहेत. गंभीर चेहऱ्याने वाचण्याची सवय लागल्यामुळे आपल्याला त्यांतले चित्र दिसेनासे झाले आहे, इतकेच. संत थॉमस अक्वायनस यांनी विनोदबुद्धी हा सद्गुण मानला. त्यांनी योहान प्रेषिताची एक आख्यायिका दिली आहे. योहान शिष्यांसमवेत थट्टामस्करी करताना पाहून कोणाला वाईट वाटले, तेव्हा त्याने एका तिरंदाजाला बाण सोडत राहण्यास सांगितले. सारखे सोडत राहिलो तर धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच, असे योहानाने उत्तर दिले. खेळकरपणाचा अभाव हा दोष आहे, असेही संत थॉमस स्पष्ट म्हणतात. काही पॅरिश कौन्सिलांच्या बैठकांत हे वाक्य भिंतीवर लावावे, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे.

तेव्हा मुलाने लिहिले ते खोटे नव्हते आणि त्यावर हसणेही पाप नव्हते. मग त्या खुर्च्या रिकाम्या का झाल्या?

येथे आम्ही बराच काळ अडकलो होतो. वाट दाखवली ती नाथान संदेष्ट्याने. दावीद राजाने उरियाची बायको हिरावून घेतली आणि उरियाला मारवले. नाथान येतो आणि एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. शेजारच्या श्रीमंताने ती पाहुण्यासाठी कापलेली असते. राजा संतापतो, त्या श्रीमंताला देहदंड सुनावतो आणि मग नाथान बोट रोखतो. रचलेल्या गोष्टीचा पडदा नाथानने वापरला तो बलवानाला उघडे पाडण्यासाठी. आम्हीही पडदाच हाती घेतला होता. पण आमच्या सभागृहात उघडा पडला तो मेंढीचा मालक. हप्तासुर त्या दिवशी तेथे नव्हताच. तो असता आणि त्याच्या चेन लावलेल्या पोटाला तीनशे माणसे हसली असती, तर गोष्ट वेगळी.

यावर कोणी म्हणेल की, फादर, तुम्हांला ते ठाऊक नव्हते. हा बचाव आम्हीही स्वतःपुढे मांडून पाहिला. उपहास म्हणजे समोरच्याला लाजेने मान खाली घालायला लावण्याच्या हेतूने केलेले हसणे, अशी संत थॉमस यांची व्याख्या आहे आणि तसा हेतू आमचा नव्हता, म्हणून पाप नाही. परंतु ठाऊक नव्हते, की ठाऊक करून घेतले नव्हते? ज्या मुलाच्या साठ-सत्तर सोबत्यांनी गुलाबाच्या बागा लावल्या, त्याने माळ्यावरचे पिंप लिहिले. बिनसाखरेचा चहा लिहिला. कल्पनेच्या भराऱ्या मारणारे मूल चहातली साखर काढून घेत नाही. हे त्या वेळी आमच्या लक्षात यायला हवे होते. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडून आलेला एक शब्दही बाहेर जाऊ नये म्हणून धर्मगुरू प्राण द्यायला तयार असतो. जाळी असते म्हणून माणूस बोलतो. चेहरा झाकलेला असतो म्हणून खरे सांगतो. त्या मुलाने निळ्या पिंपाची आणि मिशाळ राक्षसाची जाळी स्वतः विणली होती. आम्ही पेल्यात तोंड घालून ती तीनशे माणसांपुढे वाचली.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी आपल्या अखेरच्या वर्षांत, २०२० मध्ये करोनाने त्यांना नेण्यापूर्वी, झोपडवस्तीतल्या मुलांना हाताशी धरून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला होता. ती मुले स्वतःच्या जगण्यावर स्वतःच नाटिका लिहीत आणि स्वतःच करीत. आम्हांस यातला ‘स्वतःच’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरच्या राक्षसाचा आवाज कोणी काढायचा, हे ज्याच्या घरी राक्षस येतो त्याने ठरवावे.

शेवटी आम्ही त्या घरी गेलो. तारीख मुद्दाम सहा निवडली. तिसरा मजला, दाराला साखळी. आईने दार उघडले आणि काही न बोलता आधण ठेवले. बाप घरीच होता. एका लहान कारखान्यात तो फिटर होता. तो बंद पडल्यावर कर्ज काढून रिक्षा घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात अपघात झाला, ही हकीकत आम्हांस त्या दिवशी कळली. चार वर्षे तो आमच्या समोरच्या बाकांवर बसत होता. आम्ही क्षमा मागितली. तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “फादर, पोराने ती गोष्ट घरी आधी वाचली होती. सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो. ते गुडघाभर पाण्याचं मीच सांगितलं त्याला. त्याने नुसतं ‘हो’ लिहिलं होतं.”

आम्ही याची अपेक्षा केली नव्हती. ज्या वाक्याला सभागृहाने टाळ्या वाजवल्या, ते वाक्य बापाचे होते. ते त्याने लेकाला दिले होते. आम्हांला दिले नव्हते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी चारजणांनी मिळून त्या राक्षसाला हसण्याइतका लहान केला होता आणि एक महिना तरी त्याला तेवढाच ठेवला होता. तेच हसणे सभागृहात आले आणि राक्षसाऐवजी बाप लहान झाला. हसू तेच, शब्द तेच. पण ते पिंपाच्या आतून आलेले नव्हते, बाहेरून आले होते. खोलीत आणि सभागृहात काय फरक पडला, हे नीतिशास्त्राच्या परिभाषेत आम्हांस अजूनही नेमके मांडता येत नाही.

एक लहानसा प्रश्न उरला होता तो आमच्या कापलेल्या दोन गुणांचा. आम्ही मुलाला विचारले की, तू राक्षसाला मारले का नाहीस? गोष्टीत मारता आले असते. तो म्हणाला, “मारलं असतं तर पाच तारखेला बाबा पिंपात गेले नसते, आणि तो तर आला असता.” गोड शेवट मुलांना द्यावा की नाही, यावर विद्वानांत वाद आहे. मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांनी अज्ञातवासात असताना आपल्या मुलासाठी एक विनोदी अद्भुत कथा लिहिली. ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या हारून नावाच्या मुलाची आई शेजाऱ्याबरोबर निघून जाते, गोष्टी सांगणाऱ्या बापाची वाणी आटते आणि मुलाचे लक्ष अकरा मिनिटांपलीकडे टिकेनासे होते, कारण आई अकरा वाजता गेली. ज्या गोष्टी खऱ्याही नसतात त्यांचा उपयोग काय, असे तो मुलगा बापाला विचारून बसतो आणि मग पुस्तकभर त्या प्रश्नाचे प्रायश्चित्त घेत फिरतो. शेवटी आई परत येते. पण लेखक इतका प्रामाणिक की, असे गोड शेवट मागणीनुसार कृत्रिमरीत्या तयार करावे लागतात, हेही तो पुस्तकातच सांगून टाकतो. आम्ही शुभवर्तमानाचे सेवक. अंतिम शेवट गोड आहे, यावर आमची श्रद्धा आहे आणि ती आम्ही दर रविवारी सांगतो. पण पुनरुत्थानाचा रविवार आणि महिन्याची पाच तारीख यांची सरमिसळ करण्याचा मोह आम्हां पाद्र्यांना फार होतो. दहा वर्षांच्या त्या मुलाला तो झाला नाही. आम्ही ते दोन गुण त्याला तेथेच परत दिले. त्याने ते गुणपत्रिकेवर लिहून आणि सही करून मागितले.

कुटुंब काही आठवड्यांनी मिस्साला पुन्हा येऊ लागले, पण मागच्या बाकावर. कर्ज दोन-तीन वर्षांनी फिटले. त्यात आमचा वाटा फारसा नव्हता.

आता दुसरी अट. गोष्टीचा दुसरा भागही छापला गेला पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. आम्ही घरी गेलो त्यानंतर आठवड्याभराने त्याने तो लिहिला होता आणि तो त्या घराबाहेर कोणी वाचलेला नव्हता. सारांश देतो. सहा तारखेला त्या खोलीत पांढरा झगा घातलेला एक अतिशय लठ्ठ पाद्री येतो. तो बिनसाखरेचा चहा पितो आणि छान झाला आहे, असे खोटेच सांगतो. बाबा कुठे आहेत, असे विचारल्यावर ताई वसईचे नाव घेते. पाद्र्याचा विश्वास बसत नाही. तो झगा गुडघ्यापर्यंत उचलून शिडी चढतो आणि माळ्याच्या तोंडाशी पोटापाशी अडकतो. आई खालून पाय ओढते, बाबा पिंपातून बाहेर येऊन वरून डोके ढकलतात, पण तो हलत नाही. असा एक महिना जातो. पाच तारखेला हप्तासुर येतो आणि छतातून लोंबणारे दोन प्रचंड पाय पाहतो. या घरात आपल्याहून मोठा राक्षस राहायला आला आहे, असे समजून तो चहा न पिताच जिना उतरून पळून जातो. तेव्हापासून घरातले सगळेजण पाद्र्याला वर जेवण पोहोचवतात, कारण तो निघाला तर हप्तासुर परत येईल. पाद्र्याची तक्रार एवढीच आहे की, पिंपातले बाबा रोज रात्री त्याला विचारतात, वसईला पहिली मिस्सा किती वाजता असते.